सासूबाई पळाल्या नव्हत्या

आमच्या सासूबाईंना कोणी भित्र्या म्हटलं की माझं डोकं फिरतं. परवा महाराजांच्या हीरक महोत्सवाची रोषणाई बघायला आम्ही सगळ्या गच्चीत जमलो होतो. तिथं नात्यातली एक नवी सून मला म्हणते कशी, "गंगाबाईआजी म्हणजे अगदी गरीब गाय हो! जन्मात कधी तोंडातून ब्र काढला नसेल त्यांनी." मी म्हटलं, बाई गं, तू तेव्हा जन्मालाही आली नव्हतीस. काढला होता ब्र. एकदाच काढला, पण असा काढला की अख्ख्या रावपुऱ्यात पंधरा दिवस दुसरा विषय नव्हता. तिला वाटलं मी थट्टा करते. म्हणून आज सगळं सांगून टाकते.

सासूबाईंचं माहेर बडोद्याजवळच्या सावली गावचं. लग्न होऊन बडोद्याला आल्या तेव्हा परकर सुटून लुगडं लागलं होतं एवढंच. अंगानं ठेंगण्या, वर्णानं उजळ, आणि बोलणं इतकं हळू की भाजीवालीसुद्धा दोनदोनदा "शुं कह्युं, बेन?" विचारायची. मांजराला हाकलायचं तरी "जा हो बाई" म्हणायच्या. त्यांचा उजवा हात कोपरात वाकडा होता. तो सरळ होत नसे आणि फारसा वरही जात नसे. पोळी लाटताना त्या सगळं अंग पुढे झुकवायच्या. हात कसा मोडला हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तरणेपणी, पोटुशी असताना, पाण्याची घागर घेऊन त्या जिन्यावरून पळत सुटल्या आणि पडल्या. हात मोडला आणि पोटातलं मूलही गेलं. "अवखळ होती ना," असं म्हणून आत्याबाई सुस्कारा टाकायच्या. सासूबाई समोरच ताक घुसळत बसलेल्या असायच्या आणि मान खाली घालून घुसळतच राहायच्या.

आता या आत्याबाई कोण ते सांगायला हवं. माझे सासरे दिनकरराव सरकारी कचेरीत कारकून. आत्याबाई त्यांच्या थोरल्या बहीण. लवकर विधवा झालेल्या. मामंजींची आई लहानपणीच गेली, तेव्हा या बहिणीनंच त्यांना वाढवलं, शिकवलं, कचेरीत चिकटवलं. त्यामुळे घरात शब्द चालायचा तो त्यांचा. वाईट नव्हत्या हं आत्याबाई. दुखलंखुपलं तर उशाशी बसून राहायच्या. पण सोवळ्याच्या बाबतीत मात्र नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत.

आणि त्यांचं सगळ्यात मोठं वैर होतं नळाशी! आजव्याच्या तलावातून महाराजांनी पाणी आणलं, गल्लोगल्ली नळ झाले, आमच्या अंगणातही आला. सगळं बडोदं ते पाणी पिऊ लागलं. पण आत्याबाईंना कोणीतरी सांगितलं होतं की नळाच्या तोटीत चामड्याची चकती असते. झालं! ते पाणी कपड्यांना, भांड्यांना, झाडांना. देवाला आणि स्वयंपाकाला पाणी विहिरीचंच, तेही घरच्या बाईनं सोवळ्यानं भरलेलं. माझ्या यजमानांनी एकदा वाद घातला, तर दोन दिवस अन्नाला शिवल्या नाहीत. मामंजी कचेरीतून आले, बहिणीच्या खोलीबाहेर बसले आणि लहान मुलासारखे रडले. तेव्हापासून त्या विषयाचं नाव कोणी काढलं नाही. पाणक्या ठेवून पाहिला, पण तो सोवळ्यात असताना चहाच्या दुकानावर दिसला म्हणे. दुसऱ्याच दिवशी त्याला नारळ दिला.

आमचं बिऱ्हाड रावपुऱ्यातल्या एका अरुंद पोळीत, म्हणजे गल्लीत. खाली मामंजींची बैठक, मागं एक अडगळीची खोली, त्यापलीकडे अंगण आणि विहीर. चूल आणि देव वर. मधे लाकडी जिना. आणि जिना म्हणजे शिडीच म्हणा! उभाच्या उभा, पायऱ्या घासून गुळगुळीत झालेल्या, धरायला वरून सोडलेला एक दोर. त्या जिन्यानं रोज सकाळी तांब्याची घागर कडेवर घेऊन चढायचं. आधी आत्याबाई स्वतः चढायच्या, मग त्यांचे गुडघे गेले. सासूबाईंचा हात तो असा. मी सून होऊन आले आणि घागर माझ्या कडेवर आली. त्याबद्दल माझी तक्रार नव्हती. धडधाकट होते मी, तालमीत जाणाऱ्या भावांच्यात वाढलेली.

मला दिवस गेले. आई लहानपणीच वारलेली आणि वडील अमरेलीला सरकारी नोकरीत, तेव्हा पहिलं असूनही बाळंतपण सासरीच करायचं ठरलं. पाच महिने कसे गेले कळलं नाही. सहाव्यात पायात गोळे यायला लागले.

ज्यांना आले असतील त्यांनाच ते कळेल. पहाटे कूस बदलावी, पाय जरा ताणावा, की पोटरीत कोणीतरी मूठ आवळल्यासारखं व्हायचं. मांस दगडासारखं कडक. जीव नुसता कासावीस. ओरडावं तर शेजारच्या खोलीत मामंजी. मी पदर तोंडात कोंबून पडून राहायची. ह्यांना जाग आली की घाबरून विचारायचे, "काय होतंय? वैद्यांना आणू?" मी म्हणायची, काही नाही, झोपा. पायाच्या पोटरीसाठी वैद्याला बोलावणं, इश्श!

रात्रीचं एक वेळ सोसलं. पण मग ते दिवसाही यायला लागले. रोज दुपारी मी आत्याबाईंचे पाय चेपायची. एकदा चेपता चेपता माझ्याच पायात गोळा आला. मी कळवळून पाय लांब केला, तो नेमका त्यांच्या दिशेनं. आत्याबाई ताडकन उठून बसल्या. "मोठ्यांपुढे पाय पसरतेस? कुठल्या घरची रीत ही?" मी सांगितलं, गोळा आलाय म्हणून. त्या म्हणाल्या, "दिवसात सगळ्यांनाच येतात. आम्हाला नाही सांगायला कोणी शिकवलं." त्यांना स्वतःला मूलबाळ नव्हतं हो! पण हे मनात आलं ते मनातच ठेवलं.

आणि मग एका सकाळी तो जिन्यावर आला.

सातवा लागला होता. घागर कडेवर, एक हात दोरावर, मी निम्म्यावर पोचले असेन. डाव्या पोटरीत झटका बसला आणि टाच आपोआप वर उचलली गेली. पाय माझा राहिलाच नाही. घागर कलंडली, पाणी धो धो खाली गेलं, मी दोराला दोन्ही हातांनी लटकले. घागर ठण ठण करत अंगणात. माझ्या डोळ्यांपुढे एकच होतं, मी आता पडणार आणि पोटावर पडणार.

वर दारात सासूबाई उभ्या होत्या. त्यांच्या तोंडावर रक्ताचा थेंब नव्हता. पण त्या ओरडल्या नाहीत. बसत बसत, एकेक पायरी करत खाली आल्या. मला पायरीवर बसवलं, स्वतः माझ्या खालच्या पायरीवर बसल्या आणि माझा पाय उचलून चक्क मांडीवर घेतला.

"अहो, काय करता!" माझा गोळा राहिला बाजूला. सासूनं सुनेच्या पायाला हात लावायचा? "पाप लागेल मला!"

"गप्प बस गं सरू," त्या म्हणाल्या. माझं नाव सरोजिनी, पण त्यांच्या तोंडी सरूच. "टाच माझ्या मांडीत रोव. बोटं मी तुझ्याकडे ढकलते. श्वास कोंडू नकोस. आत्ता सुटेल बघ." आणि खरंच, हळूहळू तो सुटला. पण त्यांनी पाय सोडला नाही. पोटरीवरून हात फिरवत बसल्या आणि खाली बघतच म्हणाल्या, "मी पळाले नव्हते गं."

मला आधी कळेना.

"इथंच, ह्याच पायऱ्यांवर. तुझ्याएवढीच होते. पळेन कशी? एवढं पोट घेऊन, भरली घागर घेऊन कोणी पळतं का? गोळा आला होता. असाच. मला कळलंच नाही ते काय आहे. वाटलं, भूतच लागलं पायाला."

"मग सांगितलं का नाहीत कोणाला?"

"कोणाला सांगू? शुद्धीवर आले तर हात बांधलेला, पोट रिकामं. वन्सं सगळ्यांना सांगत होत्या, पळाली म्हणून. त्यांनी वरून धाडधाड आवाज ऐकला, त्यांना वाटलं पळाली. मग तेच झालं." सासूबाई आत्याबाईंना वन्सं म्हणायच्या. "पुढे शरदच्या वेळी पुन्हा गोळे आले तेव्हा समजलं की हे असतं, आणि बोटं ओढली की जातं. पण तेव्हा पाणी वन्संच भरायच्या. म्हणाल्या, तू अवखळ, तुझ्या हातून नको."

शरद, म्हणजे शरच्चंद्र, माझे यजमान.  या जिन्यावर एक मूल गेलं होतं आणि दुसरं आत्ता जाता जाता राहिलं होतं. सासूबाईंनी माझे डोळे पुसले आणि म्हणाल्या, "मी सांगते वन्संना. तुझ्या पायाची शपथ, आजच सांगते."

कसलं सांगतात! दुपारी जेवणं झाल्यावर त्या आत्याबाईंच्या समोर जाऊन बसल्या. मी दाराआड कान लावून. "वन्सं..." "काय गं?" "वन्सं, ते लोणच्याला खार कमी पडलाय का?" मी कपाळावर हात मारून घेतला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. "वन्सं..." आणि मग अधिक महिना कधी आहे ही चौकशी. तिसऱ्या दिवशी तर नुसतंच "वन्सं" म्हणून उठून आल्या. मला इतका राग आला होता की मी त्यांच्याशी बोलेना. एवढं ठाऊक असून माणसाची जीभ उचलत नाही म्हणजे काय? माझं लेकरू पडल्यावर बोलणार का?

पण दुसरीकडे त्या काय करत होत्या बघा. आत्याबाई उठायच्या आत, झुंजूमुंजू व्हायला, त्या एकट्या अंगणात जायच्या. पोहरा वाकड्या हातानं ओढायचा आणि एकेक तांब्या भरून, बसत उठत तो जिना चढायचा. पुन्हा उतरायचं, पुन्हा चढायचं. मी उठेपर्यंत वरचा हंडा अर्धा झालेला. मी घागर उचलायला गेले की म्हणायच्या, "आज पुरे एवढं." माझा राग तिथंच विरघळला. पण आत्याबाईंच्या नजरेतून ते सुटतंय थोडंच? चारच दिवसांत त्यांनी पकडलं आणि मला फैलावर घेतलं. "थोटी सासू पाणी भरते आणि तरणी सून लोळते! लोकांनी बघितलं तर शेण घालतील तोंडात." पुन्हा घागर माझ्याकडे. मी ह्यांना सांगितलं. हे मामंजींशी बोलले. मामंजी म्हणाले, "बायकांच्या गोष्टीत मला ओढू नका. अक्का जेवली नाही तर मला अन्न गोड लागत नाही." अक्का म्हणजे आत्याबाई. तिथं विषय संपला. मी रोज सकाळी पहिल्या पायरीशी थांबायची, पोटावर हात ठेवायची आणि म्हणायची, बाळा, घट्ट धर.

मग माझ्या डोहाळजेवणाचा दिवस आला.

पोळीतल्या, पाणीगेटच्या, नात्यागोत्यातल्या वीसेक बायका जमल्या. मला हिरवं लुगडं, फुलांचे दागिने, डोक्यावर फुलांची जाळी. झोपाळाही सजवलेला. शेजारच्या गुजराती मणिबेन त्यांच्या सुनेला घेऊन आल्या होत्या, "मराठी रिवाज जो तो खरी", मराठी रीत बघ तरी, म्हणत. आणि आमच्या घरची एक रीत होती. झोपाळ्यावर बसायच्या आधी गर्भारशीनं विहिरीची भरली घागर कडेवर घेऊन वर यायचं आणि ती देवापुढे ठेवायची. सांडू द्यायची नाही. भरली घागर आली की सगळं सुखरूप पार पडतं, असं आत्याबाईंचं म्हणणं.

बायका जिन्याच्या वरच्या तोंडाशी दाटीनं उभ्या होत्या, गाणी म्हणत. आत्याबाई मधोमध, पाटावर. मी खाली, घागर कडेवर. सकाळपासून पाय ओढत होता. पहिल्या पायरीवर पाऊल ठेवलं आणि पोटरीत ती ओळखीची कळ सुरू झाली.  एवढ्या बायकांपुढे काय बोलणार? पण माझी टाच उचलली गेली होती. सगळ्या माझ्या तोंडाकडे, फुलांकडे बघत होत्या. सासूबाई एकट्या माझ्या पायांकडे बघत होत्या.

त्या बायकांच्या घोळक्यातून बाहेर आल्या आणि खाली उतरू लागल्या. गाणं चालूच. माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "दे ती घागर."

"गंगे?" वरून आत्याबाईंचा आवाज. "काय चाललंय?"

सासूबाईंनी घागर माझ्या कडेवरून काढली. अंगणात नेली, तुळशीला रिकामी केली. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत नळाखाली धरली. गाणं थांबलं. पाणी घागरीत पडायचा आवाज वरपर्यंत येत असेल, इतकी शांतता. घागर निम्मीच भरली, तेवढीच त्यांना पेलणारी. डाव्या कडेवर घेतली आणि चढू लागल्या. त्यांचं आणि त्या जिन्याचं वैर मला ठाऊक होतं, माझा जीव टांगणीला लागला. पण चढल्या त्या. देवापुढे घागर ठेवली, आत्याबाईंकडे वळल्या आणि बोलल्या. खालीपर्यंत ऐकू आलं. तोवर त्यांचा आवाज एवढा आहे हे कोणालाच माहीत नव्हतं.

"हे नळाचं पाणी आहे, वन्सं. तुम्हाला चालत नसेल तर तुमच्यापुरता तांब्या मी विहिरीवरून आणीन, जिवंत आहे तोवर आणीन. पण माझी सून घागर घेऊन ह्या जिन्यावर चढणार नाही."

"देवापुढे चामड्याचं पाणी?" आत्याबाई कडाडल्या. "आज? ओटीच्या दिवशी?"

"देवाचं देव बघून घेईल. मला सुनेचं बघायचंय. मी पळाले नव्हते, वन्सं. इतकी वर्षं तुम्ही सांगत आलात, मी ऐकत आले. मी पळाले नव्हते. माझ्या पायात गोळा आला होता. आत्ता तिच्या आलाय. बघा, जाऊन बघा!"

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी भिंतीला टेकून, फुलांच्या दागिन्यांसकट, पाय धरून उभी होते. मणिबेनची सून पटकन खाली उतरली आणि तिनं मला धरून बसवलं. आत्याबाई पाटावरून उठल्या, भिंतीला धरत आपल्या खोलीत गेल्या आणि दार लोटून घेतलं.

ओटी भरली, जेवणं झाली, पण कोणाचं लक्ष जागेवर नव्हतं. आत्याबाई जेवल्या नाहीत. मामंजी घरी आले, कळलं, आणि डोक्याला हात लावून बैठकीत बसले. "काय केलंत हे? अक्का पुन्हा उपाशी बसली तर?" सासूबाई त्यांचं पागोटं खुंटीला लावून वर निघून गेल्या. 

दिवेलागणीला त्या विहिरीवर गेल्या. एक तांब्या भरून आणला आणि आत्याबाईंच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. मी शेजारच्या खोलीत पाय लांब करून पडले होते. उघड उघड लांब करून! मधलं दार उघडंच होतं.

"ठेव खाली," आत्याबाई म्हणाल्या. "बस."  मग त्यांनी विचारलं, "कुठल्या पायात आला होता?"

"डाव्या."

"मी आल्यागेल्याला सांगितलं, पळाली म्हणून. तुझ्यासमोर सांगितलं. एकदा तरी तोंड उघडायचंस."

"उघडून काय झालं असतं? बाळ थोडंच परत आलं असतं?"

 मला वाटलं, संपलं बोलणं. तर आत्याबाई म्हणाल्या, "मुलगी होती."

सासूबाईंच्या बांगड्या एकदम वाजल्या.

"मुलगी होती गं गंगे. मीच धुतली, मीच माझ्या लुगड्याच्या धडप्यात गुंडाळली. डोक्यावर जावळ केवढं! तू तापात होतीस. नंतर तू विचारलं नाहीस. मला वाटलं, विसरायचं असेल तुला. मग मीही बोलले नाही."

"मला विचारायची भीती वाटली हो, वन्सं," सासूबाई म्हणाल्या, आणि मग ज्या रडल्या! इतक्या वर्षांत त्यांना हेसुद्धा ठाऊक नव्हतं की आपल्याला मुलगा झाला होता की मुलगी. आत्याबाईंना ठाऊक होतं आणि त्या एकट्याच ते घेऊन बसल्या होत्या. मी इकडे पडल्या पडल्या हुंदके देत होते. कोणाच्या बाजूनं रागवावं तेच मला कळेना. थोड्या वेळानं तांब्या उचलल्याचा आवाज आला. आत्याबाई पाणी प्यायल्या.

नळाचं पाणी मात्र त्यांनी शेवटपर्यंत घेतलं नाही हं! हट्ट तो हट्ट. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ह्यांना हाक मारली आणि म्हणाल्या, "माझी वळकटी, माझी शेगडी, माझे देव खाली न्या. मागची अडगळीची खोली झाडून घ्या. पाणी वर येणार नसेल तर मी खाली जाते." सगळे "नको, नको" म्हणत राहिले. त्या कशाला ऐकतात! गुडघ्यांना हात देत, बसत बसत तो जिना उतरल्या, त्या पुन्हा कधी वर चढल्या नाहीत. विहीर दारातच होती. सासूबाई रोज सकाळी त्यांचा हंडा भरून द्यायच्या आणि मग दोघी ओट्यावर बसून भाजी निवडायच्या. वर आम्ही आजव्याच्या पाण्यात वरण शिजवायला लागलो. डाळ जरा लवकर शिजते असं आपलं मला वाटायचं.

माझे गोळे काही गेले नाहीत. नऊ महिने भरेपर्यंत छळलंच मेल्यांनी. पण आता जिथं यायचे तिथं मी बसायची आणि पाय पसरायची. सासूबाई हातातलं टाकून यायच्या आणि पाऊल मांडीवर घ्यायच्या. मी पापाचं नाव काढणं सोडून दिलं होतं.

मला मुलगी झाली.

बारशाला आत्याबाईंसाठी पाळणा खालीच, त्यांच्या खोलीत बांधला. पुन्हा त्याच बायका जमल्या. "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या" झालं, आता नाव सांगायची वेळ. नाव कानात सांगायचं ते आत्यानं. तो तिचा मान. एकीनं विचारलं, "शरदला तर बहीण नाही. मग नाव कोण सांगणार? थोरल्या आत्याबाईच सांगोत." सगळ्यांनी माना डोलावल्या.

आत्याबाई म्हणाल्या, "हिला आत्या आहे."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या.

"आणखी एक पाट मांडा पाळण्याजवळ. रांगोळी घाला." कोणीतरी मागं पुटपुटलं, अशा दिवशी अशुभ दिसतं म्हणून. आत्याबाईंनी तिकडे नुसतं बघितलं. पुटपुटणं थांबलं. मी बाळंतीण, उठायची चोरी, नाहीतर त्या पुटपुटणारीला मीच दार दाखवलं असतं. पाट मांडला, रांगोळी घातली. त्यावर कोणी बसलं नाही. आत्याबाई सासूबाईंकडे वळल्या. "मान तिचा आहे. तिच्या वतीनं तिची आई नाव सांगेल. ये गंगे."

सासूबाई आल्या. पाळण्यावर वाकल्या. तोंड बाळाच्या कानाशी नेऊन "कुर्र्र" केलं आणि नाव सांगितलं, नीरा. कानात सांगायचं असतं ते, पण भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांनाही ऐकू गेलं असेल. रीतीप्रमाणे पाठीत थापा पडायला लागल्या. पहिली थाप आत्याबाईंची होती. सगळ्यांच्या थापा संपल्या तरी सासूबाई वाकलेल्याच राहिल्या, एक हात पाळण्यावर आणि तो वाकडा हात त्या रिकाम्या पाटावर.